शेतात बाहेरून आणलेली माती : जालना जिल्ह्यातील गाळ, मुरूम आणि निचरा

जमिनीचा कस वाढावा म्हणून शेतात बाहेरून माती आणून टाकण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि जालना जिल्ह्यात ती आज मुख्यतः दोन रूपांत दिसते : एक, आटलेल्या तलावांतला काळा गाळ उचलून माळावरच्या मुरमाड रानात पसरणे, आणि दुसरे, पाणी साचून राहणाऱ्या भारी काळ्या रानात मुरूम किंवा वाळूमिश्रित माती टाकून ते रान ‘मोकळे’ करण्याचा प्रयत्न करणे. पहिल्या कामामागे सरकारी योजना, लोकवर्गणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उभा आहे, तर दुसरे काम बहुतेक वेळा शेतकरी आपापल्या अंदाजाने करतो आणि त्यातला बराचसा पैसा वाया जातो. दोन्हींचा मूळ प्रश्न एकच असतो. पावसाचे पाणी जमिनीत किती मुरावे, त्यातले किती मुळांपाशी थांबावे आणि उरलेले कोणत्या वाटेने निघून जावे, हे जमिनीच्या पोतावर आणि तिच्या थरांच्या मांडणीवर ठरते. बाहेरची माती ही मांडणी बदलते, आणि हा बदल हिताचा की अहिताचा हे आणलेल्या मातीच्या गुणावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक खाली आधीपासून काय आहे यावर अवलंबून असते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्याच्या जवळजवळ सगळ्या भूमीखाली दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट खडक आहे. हा खडक कुजून जी माती तयार होते तिचे स्वरूप उतारावर फार झपाट्याने बदलते : टेकडीच्या माथ्यावर आणि माळावर वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो, उताराच्या मध्यावर मध्यम खोलीची करडी-काळी जमीन मिळते, आणि नदीकाठच्या सखल भागात, विशेषतः गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांत, मीटरभर किंवा त्याहून खोल भारी काळी जमीन पसरलेली असते. एकाच शिवारात, कधी एकाच गटनंबरात, ही तिन्ही रूपे सापडतात. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ६५० ते ७५० मिलिमीटरच्या घरात आहे, पण तो सारखा पडत नाही. दोन-तीन आठवड्यांचा खंड आणि त्यानंतर एका रात्रीत कोसळणारा पाऊस हे मराठवाड्याच्या पावसाळ्याचे नेहमीचे रूप आहे. खंडात माळावरचे सोयाबीन माना टाकते आणि त्याच हंगामात, अतिवृष्टीच्या आठवड्यात, खालच्या रानातली तूर पाण्यात उभी राहून मरते. त्यामुळे एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांना बाहेरच्या मातीकडून अगदी उलट गोष्टी हव्या असतात : एकाला पाणी धरून ठेवणारी माती हवी असते, दुसऱ्याला पाणी सोडून देणारी.

हे धरणे आणि सोडणे कणांच्या आकारावर चालते. मातीत वाळू, पोयटा आणि चिकणमाती असे तीन आकारांचे कण असतात. वाळूचे कण मोठे असल्याने त्यांच्यामधल्या पोकळ्याही मोठ्या असतात आणि त्यांतून पाणी झरझर उतरते. चिकणमातीचे कण एक मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतात, आणि त्यांच्यामधल्या अतिसूक्ष्म पोकळ्या पाण्याला इतके घट्ट धरतात की त्यातले काही पाणी मुळांनाही ओढून घेता येत नाही. जालन्याच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असणे सामान्य आहे, आणि ती चिकणमाती माँटमोरिलोनाइट जातीची असते, म्हणजे ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आक्रसून भेगाळणारी. म्हणूनच मे महिन्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडलेल्या रानात पहिल्या पावसाचे पाणी भडाभडा शिरते, पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग तासाला एक ते पाच मिलिमीटर इतका खाली येतो. त्यानंतर पडलेला पाऊस एकतर वाहून जातो किंवा जागेवर साचतो. साचलेले पाणी मातीतली हवा बाहेर ढकलते, मुळांचा श्वास कोंडतो, नत्र वायुरूपाने उडून जाते, पाने पिवळी पडतात. अशा रानाला जालन्यात आणि एकूणच महाराष्ट्रात चिबड म्हणतात. याच्या उलट ज्या स्थितीत जादा पाणी निथळून गेलेले असते आणि मातीत ओल व हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात तो वाफसा. जमिनीचा निचरा चांगला याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की पाऊस थांबल्यावर ती लवकर वाफशावर येते.

तलावातला गाळ ही मुळात याच शिवारांची वाहून गेलेली वरची माती असते, पण ती जशी गेली तशी परत येत नाही. ओढ्याचे पाणी तलावात शिरताच त्याचा वेग मंदावतो. जाड वाळू आणि खडे तलावाच्या तोंडाशी, म्हणजे वरच्या बाजूला, आधी बसतात, पोयटा त्यापुढे, आणि सर्वांत बारीक चिकणमाती पाण्यात तरंगत तरंगत बांधाच्या भिंतीजवळ जाऊन ठरते. एकाच तलावातून काढलेल्या दोन खेपांचा गुण म्हणून वेगळा असतो : भिंतीलगतचा गाळ चिकट, काळा, पाणी धरण्यात सर्वांत समर्थ, आणि वरच्या टोकाचा गाळ हलका, निचऱ्याचा. वाहून जाताना मातीबरोबर पालापाचोळा, शेण आणि खतांचा अंशही जात असल्याने गाळात सेंद्रिय कर्ब आणि पालाश बऱ्यापैकी असतात. मात्र त्याला खत समजणे ही अतिशयोक्ती आहे. गाळाने जमिनीची खोली आणि पाणी धरण्याची ताकद वाढते. पिकाची भूक भागवण्यासाठी शेणखत आणि इतर खते द्यावीच लागतात, आणि ‘गाळ टाकला की तीन वर्षे खत नको’ हे पारावरचे विधान मातीपरीक्षणाच्या अहवालात टिकत नाही.

या गाळावर शेतकऱ्याचा हक्क असावा ही मागणीही नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारला ज्या सूचना केल्या, त्यांत पावसाबरोबर वाहून जाणारी माती अडवण्यासाठी जागोजागी ताली-बंधारे घालावेत आणि नदीनाले व तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, या सूचना होत्या. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, मे २०१७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. या योजनेत गाळ शेतकऱ्याला विनामूल्य मिळतो, वाळू काढण्यास पूर्ण मनाई असते, आणि सुरुवातीच्या स्वरूपात यंत्रसामग्रीचा व इंधनाचा खर्च शासन आणि देणगीदार उचलत, तर गाळ शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा असे. वाहतुकीचा खर्च हाच सर्वांत मोठा असल्याने ट्रॅक्टर किंवा पैसा असलेल्यांनाच योजनेचा लाभ अधिक होई. २०२३ मध्ये योजना नव्या रूपात आली तेव्हा अत्यल्प व अल्पभूधारक शेतकऱ्यांना, तसेच विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांना, घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे या दराने, एकरी १५ हजार रुपयांच्या मर्यादेत आणि अडीच एकरांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदान देण्याची तरतूद झाली.

जालन्यात या योजनेच्या आधीपासून लोकांनी हे काम हाती घेतले होते. शहराजवळचा घाणेवाडी जलाशय हा निजामकाळात जालना शहराच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव. कुंडलिका नदीच्या पाण्यावर भरणारा आणि दशकानुदशके गाळाने उथळ होत गेलेला. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने, शहरातल्या उद्योजकांच्या व नागरिकांच्या वर्गणीतून, तिथला गाळ काढण्याचे काम सुरू झाले, आणि २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात, जेव्हा तलावाचा तळ उघडा पडला होता, तेव्हा त्या कामाला वेग आला. शहराला साठवण वाढवून हवी होती आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना माती. दोघांच्या गरजा एका खड्ड्यात भागल्या. अशा कामात एक सूक्ष्म भेद मात्र पाळावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या साठवण तलावात गाळ संपून मूळ तळ लागला की खोदणे थांबवायचे असते, कारण खालचा घट्ट थर फोडला की पाणी झिरपून जाते; उलट पाझर तलावाचे कामच पाणी जिरवणे असल्याने तिथे तळावर बसलेला चिकण थर पूर्ण निघणे हिताचे ठरते.

आता हिशेब. एकरी १५ हजारांच्या मर्यादेत वरील दराने सुमारे ४०० घनमीटर गाळ बसतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, ४०० घनमीटरचे जवळपास १४० ब्रास होतात, आणि ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण ब्रासभर माती धरली तर एका एकराला १४० खेपा. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर हा गाळ सारखा पसरला तर थर होतो जेमतेम १० सेंटिमीटरचा, चार इंचांचा. चिकण गाळाच्या १० सेंटिमीटर थरात पिकाला घेता येईल असे पाणी साधारण १५ ते १८ मिलिमीटर मावते, म्हणजे एकरी ६० ते ७० हजार लिटर. आकडा मोठा वाटतो, पण भर वाढीतले पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवते, तेव्हा ही भर तीन ते चार दिवसांची झाली. तीन आठवड्यांच्या खंडापुढे तीन-चार दिवस म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या माळरानात वीतभर मातीत एकूण १६ ते २० मिलिमीटर पाणीच मावत होते तिथे साठा जवळजवळ दुप्पट होतो, आणि हंगामात तो पाच-सहा वेळा भरतो व रिकामा होतो. पूर्वी जो पाऊस मुरमातून खाली निघून जात होता त्यातला प्रत्येक वेळचा एवढा वाटा मुळांपाशी अडतो. गाळाचा खरा लाभ हा आहे, आणि तो फक्त हलक्या जमिनीतच मिळतो. ज्या रानात आधीच दीड मीटर काळी माती आहे तिथे वर आणखी चार इंच काळा गाळ टाकून पाण्याचा साठा नावापुरता वाढतो, पण पृष्ठभाग अधिक चिकट होतो, पाणी अधिक उशिरा मुरते आणि रान अधिक उशिरा वाफशावर येते. गाळ फुकट मिळतो म्हणून भारी रानातही ओढून आणणारे शेतकरी स्वतःच्या पैशाने स्वतःचा निचरा बिघडवतात, असे म्हणणे कठोर असले तरी चुकीचे नाही.

हलक्या जमिनीतही गाळ कसा पडतो याला महत्त्व आहे. बारीक कणांचा थर जाड कणांच्या थरावर वेगळा राहिला तर पाणी सहजासहजी खाली उतरत नाही, उलट दोन्ही थरांच्या सीमेवर अडून बसते. याचे कारण केशाकर्षण, म्हणजे बारीक पोकळ्यांची पाणी ओढून धरण्याची शक्ती : चिकणमातीच्या बारीक पोकळ्या पाण्याला इतक्या जोराने धरतात की खालच्या मुरमाच्या मोठ्या पोकळ्यांत ते जाण्यासाठी वरचा थर जवळजवळ पूर्ण तुडुंब भरावा लागतो, ओला स्पंज हवेत धरला तरी त्यातले पाणी गळून जात नाही, तसाच हा प्रकार. माळावर फूटभर गाळ नुसता ओतून सपाट केला तर अतिवृष्टीत माळालाही चिबडासारखे रूप येते आणि मुळे गाळाच्या थरातच फिरत राहून खाली जात नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी तीन-चार इंचांहून जास्त थर न देता, ढीग उन्हात तापू देऊन, ढेकळे फोडून, केणीने किंवा ट्रॅक्टरच्या फाळीने सारखे पसरून, मग नांगरटीने तो मूळ मातीत मिसळणे आणि गरज असल्यास दुसरा थर पुढच्या उन्हाळ्यात देणे हे शहाणपणाचे. तळातून नुकताच निघालेला गाळ हवेशिवाय राहिलेला असतो आणि काही वेळा त्याला कुजका वास येतो. ऊन आणि वारा लागल्यावरच त्यातली घातक द्रव्ये निघून जातात. वापरण्यापूर्वी नमुना तपासून घेणे आवश्यक असते, कारण वर्षानुवर्षे पाणी आटत गेलेल्या तलावाच्या तळाशी क्षार साचतात, काळ्या गाळात मुक्त चुन्याचे प्रमाणही जास्त निघू शकते, आणि गावाचे किंवा कारखान्याचे सांडपाणी येऊन मिळणाऱ्या तलावाचा गाळ शेतात न टाकलेलाच बरा. सामू (पीएच) साडेआठाच्या वर गेलेला गाळ फुकट असला तरी महाग पडतो.

घरच्या घरी होणारी एक चाचणी मात्र कोणत्याही शेतकऱ्याला करता येते. मूठभर गाळ पाण्याने भिजवून, हातावर मळून, त्याची पेन्सिलीएवढी वळी करावी आणि ती वाकवून कडे करून पाहावे. कडे न तुटता जुळले तर गाळात चिकणमाती भरपूर आहे आणि तो मुरमाड रानाला योग्य; वळी होते पण वाकवताना तडकते, तर तो मध्यम; आणि वळीच होत नसेल तर ते वाळूमिश्रित, तलावाच्या तोंडाकडचे द्रव्य आहे, ज्याने पाणी धरण्याची ताकद वाढणार नाही.

आता उलट बाजूकडे वळायचे, म्हणजे चिबड काळ्या रानाकडे. अशा रानात मुरूम किंवा वाळू टाकली की जमीन मोकळी होईल ही समजूत वरवर पाहता पटते, पण तिचा हिशेब मांडला की ती कोसळते. समजा वरच्या २० सेंटिमीटर थरात ६० टक्के चिकणमाती आहे आणि ती ३० टक्क्यांवर आणायची आहे. त्यासाठी जेवढी माती आहे जवळपास तेवढीच वाळू तिच्यात मिसळावी लागेल, म्हणजे एकरी सुमारे ८०० घनमीटर, २८० ब्रासहून अधिक. नदीच्या वाळूवरचे निर्बंध आणि तिचा भाव लक्षात घेता हा खर्च जमिनीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. त्याहून कमी, म्हणजे दहा-वीस ब्रास वाळू टाकून काही साधत नाही, कारण सुटे वाळूचे कण चिकणमातीच्या पिठात बुडून राहतात आणि मोठ्या पोकळ्या तयारच होत नाहीत. मुरूम मिसळण्याऐवजी नुसता वर पसरला तर आणखी वेगळी अडचण येते : पाणी मुरमातून लगेच उतरते, खालच्या फुगलेल्या काळ्या थरावर थांबते आणि आता ते डोळ्यांना दिसतही नाही. वरून रान कोरडे, आत मुळांपाशी दलदल.

भर घालून जमीन उंच करणे हा तिसरा मार्ग. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या काही भागांत जिथे भूजलपातळी मुळांच्या थरापर्यंत वर चढते तिथे तो सुचू शकतो. भूजल पृष्ठभागापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि पिकाला किमान मीटरभर कोरडा थर हवा असेल, तर ४० सेंटिमीटरची भर लागेल, म्हणजे एकरी १,६०० घनमीटर, ५६५ ब्रास. एवढे करूनही चिकण मातीत पाणी केशाकर्षणाने मीटरभर वर चढते आणि येताना क्षार घेऊन येते, तेव्हा भरही काही वर्षांत खारवट होण्याची भीती राहते. मातीतल्या विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलेली, कोरडेपणी दगडासारखी आणि ओलेपणी लोण्यासारखी होणारी चोपण जमीन तर नुसत्या भरीने मुळीच सुधारत नाही; तिथे जिप्सम द्यावे लागते, जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर जाण्यासाठी चर किंवा जमिनीखाली मीटरभर खोलीवर टाकलेल्या छिद्रयुक्त नळ्या लागतात. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड ऊसपट्ट्यात अशा नळ्यांचाच मार्ग धरला गेला आहे. पाण्याला बाहेर जाण्याची वाट नसेल तर जिप्सम, वाळू आणि मुरूम यांपैकी काहीही टाका, ते पाण्याच्या पातळीत बुडते.

भारी जमिनीसाठी सर्वांत स्वस्त भर तिच्याच मातीची असते. रुंद वरंबा सरी पद्धत, जी पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनींसाठी विकसित केली आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या भागात रुजवली, ती नेमके हेच करते : दोन सऱ्यांमधली माती ओढून वरंबा उंच करायचा, पीक वरंब्यावर घ्यायचे, आणि सरी हीच पाण्याची वाट, अतिवृष्टीत ती जादा पाणी बाहेर काढते आणि खंडात ओल धरते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण दिले, पण कोणताही वाण मुळांपाशी आठवडाभर उभ्या पाण्याचा मार सोसू शकत नाही. उंच वरंब्यावरची तूर मात्र त्याच पावसात तगते, हे दर अतिवृष्टीनंतर शेजारी-शेजारी असलेल्या दोन रानांत दिसते.

मोसंबीचा विषय स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीत बाहेरच्या मातीचे लाभ आणि हानी दोन्ही सर्वांत स्पष्ट होतात. हे झाड मीटर-सव्वामीटर खोलीच्या, खाली मुरूम असलेल्या, निचऱ्याच्या जमिनीत सुखी असते. लागवडीच्या वेळी मुरमाड रानात खड्डे घेऊन त्यांत पोयटा माती आणि शेणखत भरणे ही बाहेरच्या मातीची योग्य योजना आहे, मात्र खड्ड्याच्या तळाचा मुरूम फोडलेला असावा. न फोडता भरलेला खड्डा कातळातल्या भांड्यासारखा वागतो आणि त्यात पाणी कोंडते. बागेची गोष्ट पुढे बदलते. मोसंबीला बहर येण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडून वाढ थांबवावी लागते, जेणेकरून अन्नद्रव्य साचून ताण तुटल्यावर फुले लागतील. हलक्या जमिनीत ताण काही आठवड्यांत बसतो. भारी जमीन ओल सोडत नाही, म्हणून ताण लांबतो किंवा अर्धवट राहतो आणि फुलांऐवजी पालवी फुटते. चांगल्या मध्यम जमिनीतल्या उभ्या बागेत काळा गाळ पसरणारा बागायतदार पाण्याची बचत करायला जातो आणि बहराचे वेळापत्रक हातचे घालवतो. आणखी एक हानी थेट बुंध्यापाशी होते. मोसंबीचे कलम जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असते आणि तो जोड जमिनीपासून वीतभर वर राहावा लागतो, कारण मोसंबीची साल फायटोप्थोरा बुरशीला खुंटाच्या सालीपेक्षा लवकर बळी पडते. गाळाचा थर जोडापर्यंत चढला की ओल्या मातीतून बुरशी सालीला भिडते, बुंध्यातून डिंक पाझरू लागतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत झाड वाळते. आळ्यातला गाळ बुंध्यापासून हातभर दूर ठेवणे एवढ्या साध्या काळजीने हे टळते, पण जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या फाळीला झाडाचा जोड कळत नाही.

यंत्रांची दुसरी एक बाजूही आहे. दहा-बारा घनमीटर माती घेऊन शेतात शिरणारा टिप्पर ओलसर रानातून गेला तर त्याच्या चाकांखाली माती फूट-दीड फूट खोलपर्यंत दाबली जाते, आणि निचरा सुधारण्यासाठी माती आणणारी गाडीच निचरा बंद करून जाते. गाडीरस्ता एकच ठेवणे, काम रान खडखडीत कोरडे असताना उरकणे आणि शेवटी त्या रस्त्यावर सबसॉयलर, म्हणजे खोलवरचा दाबलेला थर फोडणारे अवजार, फिरवणे, हे खर्चाचे नसले तरी घाईच्या मे महिन्यात राहून जाते. उताराच्या रानात बांधबंदिस्ती आधी आणि गाळ नंतर हा क्रम उलटला तर पहिल्याच मोठ्या पावसात भुसभुशीत गाळ पुन्हा ओढ्याने त्याच तलावात जाऊन बसतो. तलाव ते शेत आणि शेत ते तलाव अशी मातीची फुकटची फेरी होते.

जगात अन्यत्रही हा व्यवहार झालेला आहे. इंग्लंडमधल्या हंबर खाडीच्या काठी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत शेतकरी भरतीचे गढूळ पाणी बांध घातलेल्या सखल रानांत घेत, गाळ बसला की पाणी सोडून देत, आणि काही हंगामांत फूट-दोन फूट नवी जमीन उभी करत. वाहतुकीचा खर्च शून्य, कारण वाहून आणणारे पाणीच होते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा अनुभव कडवट आहे. तिथे १९७३ मध्ये शेतजमिनींचे राखीव क्षेत्र कायद्याने ठरले, पण शहरांतल्या बांधकामांच्या खड्ड्यांतून निघणारी माती कुठेतरी टाकायची असल्याने ‘निचरा सुधारणे’ या नावाखाली सखल शेतांत ती ओतण्याचा धंदा सुरू झाला, आणि सरकारला भर घालण्यावर कडक परवानगीचे बंधन आणावे लागले. माती टाकणाऱ्यालाच पैसे मिळत असतील तर ती पिकासाठी टाकली जात नाही, हे तिथे उघड झाले. जालन्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, शहर वाढत आहे, आणि पायाच्या खोदाईतला दगडगोटा व राडारोडा रस्त्याकडेच्या खड्ड्याच्या शेतात ‘भर’ म्हणून घेण्याचा मोह इथेही आहे. राडारोड्यातले सिमेंट मातीचा सामू वाढवते आणि त्यातले तुकडे नांगराला कायमचे नडतात.

भर घालण्याचा एक परिणाम स्वतःच्या बांधापलीकडे होतो. एक रान फूटभर उंच झाले की त्यावरचे पाणी शेजारच्या रानात उतरते, आणि मूळचा ओघळ किंवा नाला बुजवला गेला असेल तर वरच्या बाजूची सगळी शेते तुंबतात. जालन्यासारख्या सौम्य उताराच्या प्रदेशात हातभर खोलीचा ओघळही दहा-बारा शेतांचे पाणी वाहून नेत असतो, आणि उन्हाळ्यात तो केवळ गवताची पट्टी दिसत असल्याने भर टाकताना त्याकडे लक्ष जात नाही. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे करता येते, आणि अडथळा काढून टाकण्याचा आदेश देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो, आणि उन्हाळ्यात टाकलेल्या भरीचा परिणाम पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नसल्याने, मे महिन्यातल्या भरीविरुद्ध तक्रार करायची तर सोयाबीनच्या काढणीपर्यंत थांबून चालत नाही.